हातचा कुठं गेला?

धारूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातलं एक गाव. जमीन मुरमाड, विहिरींना माघापर्यंत पाणी पुरलं तर नशीब. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला निघतं आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतं. बीड जिल्ह्यातून दरवर्षी अशी लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्याला मुकादम आधी उचल देतो, हंगामभर आठवड्याची खर्ची देतो आणि शेवटी हिशेब करतो. कोयता चालवायला दोन माणसं लागतात. हिशेबाची वही मात्र एकाच्याच हातात असते.

या गावचा मुकादम तसा वाईट माणूस नव्हता. कुणी आजारी पडलं तर रात्री-अपरात्री जीप काढायचा. बाईमाणसाशी अदबीनं बोलायचा. दारूला शिवायचा नाही. नाद एकच, दोन्हीकडून सारखे वाचता येणाऱ्या आकड्यांचा. जीपचा नंबर ७११७, तो मिळावा म्हणून त्यानं जादा पैसे भरले होते. लग्नात आहेर द्यायचा तो १,००१ चाच. शाळेतली पोरं ‘चिमा काय कामाची’ उलटं वाचून हसतात, हा आकडे उलटे वाचून खूश व्हायचा. हळूहळू हा नाद त्याच्या वहीतही शिरला. पाराखाली हिशेब सांगताना तो म्हणायचा, “माझा हिशेब सुलटा वाचा न्हाईतर उलटा वाचा, फरक पडायचा न्हाई.” लोकांनाही ते आवडायचं. शकुनाचा आकडा आला म्हणायचे आणि अंगठा द्यायचे.

त्याच्या टोळीत नऊ टायरगाड्या होत्या, म्हणजे नऊ कोयते. त्यातला एक तात्याचा. तात्याची थोरली पोरगी आठवीत. हंगामात ती आजीजवळ गावातच राहायची. धाकटा भाऊ मायबापाबरोबर कोपीवर. गावात राहून शिकायचं ठरलं ते आजीच्या हट्टामुळे. तात्याचं म्हणणं, पोरगी आली असती तर मोळ्या बांधायला दोन हात वाढले असते.

माघातली गोष्ट. गुरुजींनी फळ्यावर एक मांडलं, त्याखाली अकरा गुणिले अकरा, त्याखाली एकशे अकरा गुणिले एकशे अकरा.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१

“पुढचं सांगा,” ते म्हणाले. पोरांनी १२३४३२१ सांगितलं, मग १२३४५४३२१, आणि मग वर्गाला चेवच चढला. नऊ एक लिहून त्याला त्यानंच गुणलं तेव्हा फळ्यावर सतरा अंकी संख्या उभी राहिली: १२३४५६७८९८७६५४३२१. धारूरचा घाट चढून उतरावा तशी, नऊवर माथा आणि दोन्हीकडं सारखा उतार. गुरुजींनी अंकांची बेरीज करायला लावली. ८१ आली. मग त्या संख्येला ८१ नं भागायला लावलं. पूर्ण भाग गेला. ती संख्या म्हणजे ३, ३७ आणि ३३३६६७ या तीनच मूळ संख्यांचा गुणाकार आहे, ३ चार वेळा आणि बाकीच्या दोन-दोन वेळा, हेही त्यांनी सांगितलं. सोडवायला मात्र दिलं नाही, मधली सुट्टी जवळ आली होती.

“हे कुणी शोधलं गुरुजी?”

या प्रश्नाचं उत्तर गुरुजींना तोंडपाठ होतं. देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत मास्तरकी करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर अशा संख्यांच्या मागं लागले. मुंबईजवळच्या ज्या रेल्वे स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली, त्याच्या नावावरून त्यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. ६१७४ या संख्येमुळं पुढं जगानं त्यांची दखल घेतली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं. तोवर ते शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

पण गुरुजींना त्याच्याही मागं जायचं होतं. नवव्या शतकात, आपल्या या मुलखावर राष्ट्रकूटांचं राज्य असताना, अमोघवर्ष राजाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात गुणाकाराची उदाहरणं अशी निवडली आहेत की उत्तर गळ्यातल्या हारासारखं दोन्हीकडून सारखं यावं. त्यांना ते कंठाभरणच म्हणतात. गुरुजींनी त्यातलं एक फळ्यावर लिहिलं: २७९९४६८१ × ४४१. डावीकडची संख्या कुणाच्या लक्षात राहणार नाही अशी ओबडधोबड. उत्तर आलं १२३४५६५४३२१.

“आता हे बघा,” गुरुजी म्हणाले, “आचार्यांनी नुसता हार दाखवला नाही. गुण्य दिलं, गुणक दिला आणि म्हणाले, करून बघा. ४४१ म्हणजे २१ चा वर्ग, आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग. २१ गुणिले ५२९१ करा, सहा एक येतील. कुठं काही झाकलेलं नाही.”

मग त्यांनी दहा एक लिहिले. वर्गानं विचारायच्या आत ओरडून उत्तर दिलं: एकापासून नऊपर्यंत चढायचं, मध्ये शून्य, पुन्हा नऊपासून एकापर्यंत उतरायचं. १२३४५६७८९०९८७६५४३२१. दोन्हीकडून सारखं. गुरुजींनी ते फळ्यावर उतरवून घेतलं आणि शेजारी खरा गुणाकार मांडला. दहा ओळी, प्रत्येक ओळ एक घर सरकलेली. नऊ एकांपर्यंत कुठल्याही रकान्याची बेरीज नऊच्या वर जात नव्हती, म्हणून आकडे जसेच्या तसे खाली उतरत होते. आता मधल्या रकान्यात दहा आले. शून्य लिहायचं, हातचा एक. शेजारच्या रकान्यात नऊ होते, हातच्यासकट तेही दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या शेजारच्या आठाचे नऊ झाले. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. माथाच मोडला.

पोरं हिरमुसली. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “गुरुजी, आमचंच ठिवा की. त्येच चांगलं दिसतंय.”

“दिसतंय. पण हातचा कुठं गेला?”

कुणी बोलेना.

“तुमच्या उत्तरात आणि खऱ्या उत्तरात दहा अब्जांचा फरक आहे. म्हणजे एक हजार कोटींचा. एक हातचा खाल्लात, आकडा छान दिसावा म्हणून.”

घरचा अभ्यास म्हणून त्यांनी एक नियम दिला. दोन्हीकडून सारखी वाचता येणारी संख्या दोन, चार, सहा अशा सम अंकांची असेल तर तिला ११ नं भाग जातोच. कारण सोपं आहे. संख्येतले अंक एकाआड एक दोन गटांत वाटायचे. दोन्ही गटांची बेरीज सारखी आली की ११ नं भाग जातो. सम अंकांच्या अशा संख्येत प्रत्येक अंकाचा आरशातला जोडीदार दुसऱ्या गटात पडतो, मग बेरजा वेगळ्या येतीलच कशा? सतरा अंकी संख्येत मधला नऊ एकटा पडतो, म्हणून तिथं नियम लागू नाही. तिला ११ नं भागलं तर बाकी एक उरते. पोरांनी संध्याकाळी गावभर आकडे शोधले. मुकादमाची जीप सापडली: ७११७ म्हणजे ११ × ६४७. आहेर सापडला: १,००१ म्हणजे ११ × ९१. दोन दिवस तोच खेळ चालला.

पाडवा झाला आणि टोळी परत आली. मारुतीच्या पारावर मुकादमानं वही उघडली. दर सगळ्यांना ठाऊक होता, तोडणीचा टनाला ३६७ रुपये. वाहतुकीचे पैसे वेगळे. टनावरचे किलो धरायचे नाहीत, हा त्याचा जुना रिवाज, आणि त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता. तो एकेकाचं नाव घेऊन कमाई वाचू लागला. १,१२,२११. १,०५,५०१. १,१९,९११. प्रत्येक आकड्याला लोक मान डोलावत होते. तात्याचा आकडा आला १,०८,८०१. उचल एक लाख, खर्ची १४ हजार. तात्याकडंच ५,१९९ रुपये बाकी निघाली.

पोरगी पाराच्या कडेला आजीजवळ बसली होती. पहिल्या आकड्याला तिला मौज वाटली, दुसऱ्याला तिनं वही काढली. सहा-सहा अंकी आकडे, सगळे दोन्हीकडून सारखे, म्हणजे सगळ्यांना ११ नं भाग जाणार. पण ३६७ ला ११ नं भाग जात नाही, चार उरतात. आणि ११ ही मूळ संख्या, ती फुटत नाही. अर्धी इकडं, अर्धी तिकडं असं होत नाही. गुणाकारात ११ यायचा तर तो गुण्यात तरी अख्खा पाहिजे नाहीतर गुणकात तरी. दरात नाही, म्हणजे टनात असला पाहिजे.

ती आजीच्या कानाशी लागली. “आज्जे, नऊच्या नऊ कोयत्यांनी ११ च्या पाढ्यातच ऊस तोडला व्हय गं?”

म्हातारीला पाढे येत नव्हते, पण प्रश्नाचा वास आला. “कामून इचारतीस?”

संध्याकाळी दोघी गुरुजींच्या ओट्यावर गेल्या. गुरुजींनी आकडे पाहिले आणि पेन्सिल मागितली. कमाई लाखाच्या वर आणि दोन लाखांच्या आत, म्हणजे आकडा एकनं सुरू होतो. सुलट-उलट सारखा असेल तर एकनंच संपला पाहिजे. ३६७ च्या सातला कशानं गुणलं की शेवटी एक येतो? फक्त तीननं, सात त्रिक एकवीस. म्हणजे टनाचा आकडा तीनवर संपतो. शिवाय तो ११ च्या पाढ्यातला हवा, आणि कमाई एक ते दोन लाखांत यायची तर टन २७३ ते ५४४ च्या दरम्यान. असे आकडे दोनच: ३६३ आणि ४७३. पोरीनं गुणाकार केले. ३६३ × ३६७ = १,३३,२२१. ४७३ × ३६७ = १,७३,५९१. दोन्ही उलटे वाचले तर जुळत नव्हते.

म्हणजे या दरानं, पूर्ण टनाच्या हिशेबात, एक लाख ते दोन लाख रुपयांच्या मध्ये सुलट-उलट सारखी कमाई कोणत्याही कोयत्याची होऊच शकत नव्हती. एकाचीही नाही, आणि इथं तर नऊ जणांची झाली होती. गुरुजी स्वतः थोडा वेळ कागदाकडं बघत राहिले. असं उत्तर इतक्या लवकर निघेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

“हे झालं गणित,” ते म्हणाले. “आकडा चुकलाय एवढंच यातून कळतं. बरोबर किती, ते यातून कळायचं नाही. पावत्या आहेत का?”

पावत्या होत्या. मायनं त्या लुगड्याच्या धडप्यात बांधून पत्र्याच्या पेटीत तळाला ठेवल्या होत्या. कारखान्याच्या काट्यावर गाडीचं वजन झालं की मिळणारी ती चिठोरी. काही भिजून पुसट झालेली, काहींवर उसाच्या चिकट रसाचे डाग. तात्याला वाचता यायचं नाही, पण टाकून द्यायचा धीर नव्हता. पोरीनं रात्री कंदिलाशी बसून सगळ्या मांडल्या, तारखेप्रमाणं लावल्या आणि बेरीज केली. वरचे किलो सोडून २९९ टन. ११ च्या पाढ्यात २९७ येतात, २९९ येत नाहीत. २९९ × ३६७ = १,०९,७३३. वहीत १,०८,८०१. फरक ९३२ रुपयांचा.

तात्या म्हणाला, “ऱ्हाऊ दे. पुढल्या साली उचल कोण देईल?”

ही भीती खोटी नव्हती, आणि ती ज्याला कळत नाही त्यानं तात्याला भित्रा म्हणू नये. पण म्हातारी ऐकणारी नव्हती. “आकडा दोन्हीकून सारखा आसंल,” ती म्हणाली, “पैसं तर एकाच खिशात जायलेत की.”

दुसऱ्या दिवशी पारावर माणसं जमली तेव्हा तात्यानंच सुरुवात केली, खाली बघत. “मुकादम, पोरगी कायतरी इचारती बगा.”

मुकादम हसला. “का गं, आकडा आवडला न्हाई व्हय?”

“आवडला. पर गुण्य कुठंय?”

“म्हंजी?”

“टन किती धरलेत? दर आम्हाला ठाव हाय. टन सांगा, आम्ही गुणून बघतो.”

मुकादमानं वही मिटली, मग पुन्हा उघडली. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं टन लिहिलेले होते, नऊच्या नऊ कोयत्यांचे, आणि तात्यापुढं २९९ च होते. म्हणजे वजनात त्यानं खोट केली नव्हती. खोट केली होती ती पेन्सिलीच्या पानावरून शाईच्या पानावर येताना. लोक आता वाकून बघायला लागले.

“हे बगा,” तो म्हणाला, “दोन-चारशे, हजार-पाचशे इकडं-तिकडं. आकडा जुळला की ध्यानात ऱ्हातो. तुमच्याच सोयीसाठी केलं मी. लबाडी आसती तर टनच कमी लिवले आसते की.”

हे बोलणं लोकांना पटायला लागलं होतं. खरंच, टन तर बरोबर होते. पोरीनं वहीचं पान पुढं केलं.

“आमचे व्हतेत १,०९,७३३. त्याच्या वरचा जुळणारा आकडा १,०९,९०१. फकस्त १६८ रुपये वर. त्यो जवळ असून तुम्ही ९३२ खाली कामून उतरलात?”

यावर मुकादमाकडं उत्तर नव्हतं. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं वही मागून घेतली, गुरुजींना बोलावणं धाडलं आणि नऊ हिशेब नव्यानं मांडले गेले. नऊच्या नऊ वेळा मुकादम खालच्याच आकड्याकडं गेलेला निघाला. कुणाचे तीनशे गेले होते, कुणाचे हजाराला टेकले होते. माझ्या मते त्यातली खरी वाईट गोष्ट पैशांची नाही. वर्षानुवर्षं लोकांनी त्या आकड्यांना मान डोलावली होती आणि मुकादमाला त्या माना बघून आपण चांगले आहोत असंच वाटत आलं होतं. चोरी करतोय असं त्याला वाटलं असतं तर तो निदान घाबरला तरी असता.

तो चिडला नाही, हेही सांगायला हवं. सगळ्यांसमोर त्यानं शाईचे आकडे खोडून खाली नवे लिहिले. पोरीनं मग टनावरच्या किलोंचाही विषय काढला. तेव्हा मात्र तो अडून बसला. त्यावर बराच वाद झाला आणि पुढच्या हंगामापासून किलोही धरायचे असं ठरलं. गेल्या हंगामाचे गेले ते गेलेच.

तात्यावरची बाकी ५,१९९ ची ४,२६७ झाली. फिटली नाही. दसऱ्याला पेटी डोक्यावर घेऊन नवरा-बायको पुन्हा निघाली, त्याच मुकादमाकडून उचल घेऊन. मुकादमाच्या वहीत आता टन, किलो, दर आणि कमाई असे चार रकाने आहेत, आणि हिशेबाच्या दिवशी आठवी-नववीतली दोन पोरं त्याच्या शेजारी वही घेऊन बसतात. तात्याचा १,०९,७३३ हा आकडा उलटा वाचला तर ३,३७,९०१ होतो. तेवढी कमाई खरोखर झाली असती तर त्या वर्षी तो ऊस तोडायला गेलाच नसता.